विश्लेषण : वाघ येडशीत आला, पण ‘बफर झोन’ आहे कुठे?

डिसेंबर २०२४ मध्ये एकच इंग्रजी शब्द एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन बातम्यांत ऐकू येत होता. सीरियात असद यांची राजवट कोसळली आणि इस्रायली सैन्य गोलन टेकड्यांलगतच्या ‘बफर झोन’मध्ये शिरले. त्याच महिन्यात धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्याने चक्क पट्टेदार वाघ टिपला. बिबट्याची सवय असलेल्या बालाघाटच्या डोंगररांगेत वाघ आला म्हटल्यावर पहिली प्रतिक्रिया कुतूहलाची, दुसरी भीतीची. तिसरी मात्र अशा ठिकाणी हमखास येते ती : आता आमचे शिवार बफर झोनमध्ये जाणार का?

या प्रश्नाचे सरळ उत्तर ‘नाही’ असे आहे. पण हे ‘नाही’ दिलासा देणारे आहे की काळजी वाढवणारे, हे समजून घ्यायचे तर आधी शब्द उलगडावा लागतो.

हा वाघ आला कुठून?

अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून हा नर वाघ यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातला असल्याची ओळख पटली. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. जुन्या छायाचित्रांशी ते जुळवून पाहता येतात. टिपेश्वर ते येडशी हे अंतर साडेचारशे किलोमीटरच्या घरात जाते. गळ्यात रेडिओ कॉलर नसल्याने तो नेमका कोणत्या वाटेने आला, हे कुणीच पाहिलेले नाही. कापूस, सोयाबीन, ऊस, नद्या, चौपदरी रस्ते असे सगळे ओलांडून तो आला, एवढे नक्की.

टिपेश्वर अवघे १४८ चौरस किलोमीटरचे. तिथे वाघांची पैदास चांगली होते आणि वयात आलेल्या नरांना जागा उरत नाही. २०१९ मध्ये इथूनच निघालेल्या एका कॉलर लावलेल्या वाघाने तेलंगण आणि महाराष्ट्रातले जिल्हे पालथे घालत तेराशे किलोमीटरहून अधिक चाल केली आणि तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन थांबला. ‘वॉकर’ या नावाने तो जगभर गाजला. २०२१ मध्ये आणखी एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पोहोचला. म्हणजे येडशीचा पाहुणा हा अपघात नव्हे. टिपेश्वर भरले की मराठवाड्याच्या दिशेने वाघ सुटतात, हे आता पुरेसे स्पष्ट आहे.

येडशीचे अभयारण्य मात्र सुमारे २२ चौरस किलोमीटरचे. एका पूर्ण वाढ झालेल्या नर वाघाला याच्या कितीतरी पट मोठा टापू लागतो. साहजिकच तो अभयारण्याच्या हद्दीत मावला नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यात जा, पुन्हा येडशीकडे ये, असा त्याचा फेरा सुरू झाला. जनावरे मारल्याच्या तक्रारी वाढल्या. जानेवारी २०२५ मध्ये त्याला बेशुद्ध करून पकडण्याची व सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात हलवण्याची परवानगी मिळाली. बाहेरून पथके आली, आठवड्यांमागून आठवडे गेले. वाघ हाती लागला नाही. लोकांनी त्याला ‘रामलिंग’ म्हणायलाही सुरुवात केली. नाव ठेवले की परकेपणा थोडा कमी होतो.

‘बफर’ हा शब्द मूळचा कुठला?

मोबाइलवर व्हिडिओ अडकला, मध्येच गोल फिरू लागला की आपण म्हणतो, ‘बफरिंग होतंय’. सरकार कांदा खरेदी करून साठवते तो ‘बफर स्टॉक’. रसायनशास्त्रात आम्लता एकदम बदलू न देणारे द्रावण तेही बफर. तिन्हींत अर्थ एकच आहे : धक्का सोसणारी मधली सोय. इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकात रेल्वेमुळे रुळला. दोन डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना बसवलेले स्प्रिंगचे दट्टे म्हणजे बफर. जंगलाशी त्याचा संबंध फार नंतरचा.

रेल्वेतून तो राजकारणात गेला. रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामध्ये अफगाणिस्तान हे ‘बफर स्टेट’ असल्याची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. दोन मोठ्या सत्तांचा धक्का मधल्याने सोसायचा, असा त्याचा खरा अर्थ. डब्यांचे ठीक आहे, लोखंडाला काही वाटत नाही. देशाला किंवा गावाला बफर म्हटले की धक्का कोण सोसणार, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला असतो. वाघाच्या बाबतीतही नेमका तोच आहे.

जगात आज बफर झोन अनेक आहेत. सायप्रस बेटाला दुभागणारा सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली आहे. त्याच्या काही भागांत आजही शेती होते, लोक राहतात. दोन कोरियांमधला चार किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा १९५३ पासून जवळपास माणसाविना आहे आणि त्यामुळेच तिथे दुर्मीळ पक्षी-प्राणी टिकले. गोलनचा पट्टा १९७४ च्या करारातून आला. आपल्याकडे मणिपुरात मे २०२३ नंतर मैतेई आणि कुकी वस्त्यांमध्ये सुरक्षा दलांनी उभ्या केलेल्या पट्ट्यालाही बफर झोनच म्हटले जाते. त्यासाठी कुठल्याही कायद्यात वेगळी व्याख्या नाही. परिस्थितीने तो तयार केला. शब्द एकच, पण कुठे तो करारातून येतो, कुठे बंदुकीतून, कुठे कायद्यातून.

वन्यजीव कायद्यात बफर म्हणजे नेमके काय?

इथे व्याख्या पक्की आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २००६ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३८-व्ही आले. त्यानुसार व्याघ्र प्रकल्पाचे दोन भाग असतात. आतला गाभा क्षेत्र : वाघासाठी राखीव, शक्य तितका माणसाच्या हस्तक्षेपाविना. त्याभोवतीचा बफर : जिथे संरक्षणाची पातळी गाभ्यापेक्षा कमी, वाघाला पसरायला जागा आणि माणसाला जगायला मुभा. कायद्याने बफरचा हेतू ‘सहअस्तित्व’ असा सांगितला आहे. स्थानिकांच्या उपजीविकेच्या, विकासाच्या, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांची दखल घेणे बंधनकारक केले आहे. बफरची हद्द ठरवताना संबंधित ग्रामसभेशी आणि तज्ज्ञ समितीशी सल्लामसलत करावी लागते.

हे वाक्य अनेकदा नजरेआड होते. बफर ही वरून टाकलेली बंदी नाही. निदान कायद्याच्या कागदावर तरी नाही. बफरमध्ये शेती चालते, गावे असतात, सातबारा तोच राहतो.

आकडे पाहिले की प्रमाण कळते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०० चौरस किलोमीटर. म्हणजे बफरच मोठा. तिथे पर्यटनाची प्रवेशद्वारे उघडली, गावातल्या तरुणांना वाटाड्याचे, जिप्सी चालवण्याचे काम मिळाले. पण त्याच चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले, तेंदूपाने वेचायला गेलेली, शेतात वाकून काम करणारी माणसे वाघाच्या हल्ल्यात जीव गमावत आली आहेत. बफर हा रोजगार आणि धोका यांचा एकत्र येणारा पट्टा आहे. यातला एकच पैलू दाखवणारा माणूस बहुधा काहीतरी विकत असतो.

मग धाराशिवमध्ये काय आहे?

धाराशिव जिल्ह्यात व्याघ्र प्रकल्प नाही. म्हणून कायद्याच्या अर्थाने गाभाही नाही आणि बफरही नाही. येडशी रामलिंग घाट हे १९९७ साली घोषित झालेले अभयारण्य आहे. अभयारण्याभोवती जो पट्टा आखला जातो, त्याचे नाव वेगळे : इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. चहाच्या टपरीपासून तहसील कार्यालयापर्यंत या दोन्हींना ‘बफर’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. गोंधळाची सुरुवात तिथूनच होते.

इको-सेन्सिटिव्ह झोन वन्यजीव कायद्याखाली नव्हे, तर पर्यावरण (संरक्षण) अधिनियम १९८६ खाली येतो. केंद्र सरकार आधी मसुदा काढते, हरकती मागवते आणि मग अंतिम अधिसूचना निघते. त्यात गावांची यादी आणि नकाशा असतो. व्यापारी खाणकाम, दगडखाणी, खडी क्रशर, प्रदूषण करणारे कारखाने यांवर बंदी; हॉटेल, रिसॉर्ट, झाडतोड यांवर नियंत्रण; शेती, फळबागा, पावसाचे पाणी साठवणे, सेंद्रिय शेती यांना मोकळीक वा प्रोत्साहन, असा साधारण साचा. म्हणजे या पट्ट्याचा पहिला रोख खडी क्रशरवर असतो, ज्वारीच्या पेरणीवर नव्हे.

३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक संरक्षित वनाभोवती किमान एक किलोमीटरचा असा पट्टा असावा, असा आदेश दिला. त्यात नव्या पक्क्या बांधकामांवरही बंदी आल्याने केरळपासून महाराष्ट्रापर्यंत गावे हादरली. घरावर मजला चढवायचा की नाही इथवर प्रश्न गेला. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने हा आदेश सौम्य केला. जिथे मसुदा वा अंतिम अधिसूचना आहे तिथे त्याच अधिसूचनेप्रमाणे चालावे असे म्हटले. अभयारण्यात आणि हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला मात्र बंदी कायम ठेवली. त्या दहा-अकरा महिन्यांत व्हॉट्सअॅपवर फिरलेले संदेश अजूनही फिरत असतात. तारखेशिवाय.

तिसरा शब्द ‘कॉरिडॉर’. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याची वाट. कायद्यात व्याघ्र प्रकल्पांना जोडणाऱ्या भागांचा उल्लेख आहे. असे भाग पर्यावरणाला मारक कामांसाठी वळवण्यावर मर्यादा आहेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी २०१४ मध्ये देशातील ३२ प्रमुख कॉरिडॉरचा अहवाल काढला. टिपेश्वरहून धाराशिवकडे येणारी वाट त्यात नाही. कशी असेल? नकाशावर तिथे जंगलच नाही. वाघ मात्र नकाशा पाहून चालत नाही. ओढ्याकाठची बाभूळ, उंच वाढलेला ऊस, उजाड माळावरची घळ एवढ्यावर त्याची रात्र निघते.

थोडक्यात, येडशीचा वाघ ज्या जमिनीवर फिरतो, तिचा बहुतांश भाग गाभा नाही, बफर नाही, कॉरिडॉर नाही. काही भाग अभयारण्याचा आणि त्याभोवतीच्या पट्ट्याचा. बाकी सगळे शेतकऱ्याचे शिवार. सरकारी भाषेत ज्याला नावच नाही असा हा खरा ‘मधला’ प्रदेश आहे.

नाव नसल्याने काय बिघडते?

वाघाचे फारसे बिघडत नाही. तो अनुसूची एकमधला प्राणी आहे. त्याचे संरक्षण त्याच्याबरोबर चालते. ताडोब्यातला असो की बार्शीच्या उसातला, त्याला मारणे हा सारखाच गुन्हा. पकडायचे तरी कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि तीही तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी-आजारी असला तर.

नुकसानभरपाईही झोनवर अवलंबून नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावल्यास राज्यात वारसांना २५ लाख रुपये देण्याची तरतूद आहे. जनावर मेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के, पण ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत. दुभत्या म्हशीचा आजचा भाव लाखावर असेल तर मर्यादेमुळे हाती येणारी रक्कम तोकडीच पडते, ही तक्रार रास्त आहे.

बिघडते ते व्यवस्थेचे. व्याघ्र प्रकल्पाच्या बफरसाठी आराखडा असतो, माणसे असतात, सवय असते. गावात प्राथमिक बचाव पथक असते. ठसा दिसला की कुणाला फोन करायचा, गुरे कोणत्या वेळी कुठे न्यायची, हे पोरांनाही माहीत असते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना राज्याने २०१५ मध्ये बफरमधील गावांसाठीच आणली. त्यातून गॅस जोडण्या, सौर कुंपण अशी कामे होतात. पुढे अभयारण्यांलगतच्या गावांपर्यंत ती वाढवली गेली. पण २२ चौरस किलोमीटरच्या अभयारण्याला लागून असलेली गावे किती आणि वाघ फिरतो ती गावे किती, हा हिशेब केला की योजना कुठे थांबते आणि भीती कुठे सुरू होते ते दिसते.

यात सर्वांत कळीचा प्रश्न विजेचा आहे, वाघाचा नाही. शेतीपंपाला वीज रात्री असेल तर शेतकऱ्याला रात्री रानात जावेच लागते. वाघ रात्रीच हिंडतो. दोघांची वेळ एक करून ठेवायची आणि मग संघर्ष झाला की वनखात्याकडे पाहायचे, हा आपल्याकडचा जुना खेळ आहे. दिवसा वीज देणाऱ्या सौर कृषी वाहिनीची कामे या पट्ट्यात आधी झाली, तर बेशुद्धीच्या इंजेक्शनापेक्षा ती जास्त जीव वाचवतील.

‘झोन’ म्हटले की लोक का बिचकतात?

कारण शेजारच्या जिल्ह्याचा अनुभव. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर धरला गेला. अख्ख्या धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ साधारण ७५६९ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिल्ह्याहून मोठे अभयारण्य, तेही बव्हंशी खासगी शेतजमिनीवर. जमीन खरेदी-विक्री, उद्योग, बांधकाम यांत लोकांचे वर्षानुवर्षे हाल झाले. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने ते सुमारे १२०० चौरस किलोमीटरपर्यंत आकसले. तोवर माणसे दुखावली होती आणि माळढोकही जवळपास दिसेनासा झाला होता. नकाशावर मोठी रेघ ओढली म्हणजे संरक्षण होते, हा समज तिथेच खोटा ठरला. बार्शी किंवा येडशीच्या शेतकऱ्याला ‘झोन’ शब्द ऐकून माळढोक आठवला, तर त्याला अडाणी म्हणण्यात अर्थ नाही.

खरे तर मधल्या जागेची कल्पना आपल्याला नवी नाही. दोन शेतांमध्ये बांध असतो, शेत आणि गाव यांच्यामध्ये पांदण, गाव आणि डोंगर यांच्यामध्ये गायरान. बांधावर दोघांचाही हक्क असतो आणि दोघांचेही भांडण. गायरान कुणा एकाचे नसते म्हणून गुरे चरतात, कोल्हे-लांडगेही राहतात. तीच आपली बफर होती. गेल्या काही दशकांत बांध कोरले गेले, पांदण रस्ते बुजले, गायरानांवर अतिक्रमणे झाली, काही ठिकाणी सरकारी प्रकल्प आले. जंगल थेट पिकाला येऊन भिडले. पूर्वी डोंगरातून उतरलेल्या श्वापदाला आधी माळ लागायचा. आता ऊस लागतो, आणि उसात लपायला जंगलापेक्षा सोपे.

इथे बफर होऊ शकेल का?

कायद्याने, नजीकच्या काळात, नाही. एका भटक्या नरासाठी व्याघ्र प्रकल्प होत नसतो. त्याला जोडीदार नाही, पुरेसे भक्ष्य नाही, गाभा म्हणावे असे जंगल नाही. तो पकडून सह्याद्रीत नेला तरी प्रश्न संपत नाही, कारण टिपेश्वरातून पुढचा निघणारच. आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा गाभा-बफर मिळून सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा टापू वर्षानुवर्षे वाघांची वाट पाहत बसलेला, हा यातला विरोधाभास. जिथे बफर आहे तिथे वाघ मोजकेच. जिथे वाघ आला तिथे बफर नाही.

बफर झोन जाहीर न करताही बफरमधल्या सोयी देता येतात. बचाव पथके नेमायला, गोठ्यांना मजबूत दारे बसवायला, धनगरांच्या रात्रीच्या मेंढवाड्यांना कुंपण द्यायला, नुकसानीचे पंचनामे त्याच आठवड्यात उरकायला कुठल्याही अधिसूचनेची गरज नाही. धाराशिव आणि सोलापूर या दोन जिल्ह्यांच्या वन विभागांनी एकच माहिती एकाच वेळी गावांना दिली तरी निम्म्या अफवा थांबतील. वाघाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, पण फोन उचलणाऱ्याला ती फार चांगली कळते.

तोवर शिवारात राहणाऱ्यांसाठी लक्षात ठेवण्यासारखे एवढेच. ठसा किंवा वाघ दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. जनावर मारले गेले असेल तर ते हलवू नये. वनकर्मचाऱ्यांचा पंचनामा होईपर्यंत तसेच ठेवावे, नाहीतर भरपाईचे प्रकरण तिथेच अडते. वाघ आपल्या शिकारीवर परत येतो, म्हणून फोटो काढायला गर्दी करू नये. आणि ‘अमुक गाव बफर झोनमध्ये गेले’ असा संदेश मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी त्यात अधिसूचनेची तारीख आहे का, हे एकदा पाहून घ्यावे.